गोड, कडू

या गावात छपरांना कुणी रंग देत नाही.
जुलैत ती आपोआप केशरी होतात:
उकललेले जर्दाळू, पाठीवर निजलेले,
आणि खाली गल्लीत पाय ठेवाल तिथे माशी.

पुरुष बहुतेक सैबेरियात.
विटा रचतात, नाहीतर बर्फ उपसतात.
झाडं बायकांनी हलवायची,
चादरीची टोकं पोरांनी धरायची,
डोक्यात फळ पडलं तर रडायचं नाही.

सन्ध्याकाळी बीबी सनोबर बिया फोडायला बसते.
एक चपटा दगड, एक गोल,
मधे तिची बोटं,
बहात्तर वर्षांत एकदाच चेचलेली,
तीही लग्नाच्या आठवड्यात.
ढिगात साऱ्या गल्लीची झाडं मिसळलेली,
तेव्हा जिभेलाच विचारायचं.
ठक्. गोड. डावा डबा.
ठक्. कडू. उजवा, साबणवाल्यासाठी.

डब्याला टेकून फोन उभा आहे.
पडद्यावर फैजुल्लो,
आठ जणांच्या खोलीत, वरच्या खाटेवर.
जेवलास का, झालं. पैसे पोचले, झालं.
मग तो म्हणतो,
आता बोलू नकोस, आई. फोडत राहा.

ठक्.
ठक्.
त्याचा हात उशीखाली जातो, तोंड उघडं पडतं.
ती थांबली की तो जागा होतो,
हे तिला गेल्या वर्षीच कळलंय.

मधेच एक बी निघते जहर कडू.
थुंकायचं तर वळावं लागेल,
दगड खाली ठेवावा लागेल.
बीबी सनोबर गिळते,
आणि पुढची बी घेते.