खण क्रमांक सात

रिओनीच्या पुलापासून तिसरं दुकान माझं.
कुतायसीत मला वाख्तांग म्हणतात,
उधारीच्या दिवसांत वाख्तांगकाका.
सातव्या खणात फिकट गुलाबी गोळ्या.
चावायची नाही, अख्खी गिळायची,
हे मी इतक्यांदा बोललोय
की झोपेतही बोलतो म्हणे.

नोदार येतो दोन तारखेला.
ट्रॉलीबस दुरुस्त करायचा. एकदा गाडीखालीच फिट आली,
शुद्धीवर आला तेव्हा तोंडात रक्त
आणि हातात तसाच पाना.
चार वर्षं झाली, पडला नाही.
हात मात्र थरथरतो,
सही करताना स्वतःच्याच नावाला हसतो.

लामारा मातीच्या भट्टीत पाव लावते.
अर्धशिशी. काळा चष्मा, पावसातही.
"महिन्यातले नऊ दिवस जायचे, आता दोन,"
भाडं कमी झाल्यासारखं सांगते.

आणि तेक्ले, संगीतशाळेतली.
वसंतात सहा रात्री झोपली नव्हती;
सातव्या पहाटे शेजाऱ्यांची दारं वाजवत होती,
पियानो कुणाला हवाय विचारत.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी वीज गेली,
तिघंही काउंटरशी, आणि माझ्या धांदलीत
सातवा खण निसटून पालथा.
टॉर्चच्या उजेडात पाकिटंच पाकिटं.
एकानं उचललं, दुसरीनं ओळखलं.
वीस वर्षं जपलेली गुपितं माझी, फरशीवर.

नोदार म्हणाला, "पोरी, तूही पडतेस?"
"नाही हो. मी चढते.
मग उतरायला शिडी सापडत नाही."
लामारा म्हणाली, "तो टॉर्च विझवा आधी."

मग अंधारातच बोलणं झालं.
केस गळतात का. उशीवर, रोज.
पोट सुटलं का. कुणीतरी हसलं,
कोण ते कळलं नाही.

दोघं गेल्यावर तेक्ले थांबली.
"मूल हवं असेल तर?"
मी म्हणालो, मनानं बंद करू नकोस,
दिवस जायच्या आधी डॉक्टरांना भेट.
"माहितीये," ती म्हणाली. "त्या कागदावर आहे."
कागदाची घडी तिच्या स्वरलिपीच्या वहीत,
खुणेला.

माघात ती नवी चिठ्ठी घेऊन आली.
दुसरं नाव, दुसरी मात्रा,
बाराव्या खणातलं औषध.
मी चिठ्ठी दोनदा वाचली,
चष्मा पुसला,
आणि हात सवयीनं
साताकडेच गेला.