उजवा कान

काजी म्हणतो, एक घोट पुरतो.
एक घोट आत गेला की दुधाचं नातं लागलं.
पण खजिन्याचा कारकून महिने मोजतो
आणि माझे भरले एकोणीस दिवस.
विसाव्या दिवशी ताप चढला, पान्हा आटला.
तीन मोहरा आणि एक शाल हातावर ठेवून
लाहोरच्या किल्ल्यात मला दिवाबत्तीला लावलं.

मग आली उलजान अनगा.
बदख्शानची, हाडापेरानं थोराड,
अंगाला बडीशेपेचा आणि ओल्या लोकरीचा वास.
दोन वर्षं तीन महिने पाजलं तिनं.

पोराला एक खोड होती.
पिताना तिचा कान धरायचा, डावा.
दात येत होते त्या हिवाळ्यात
झुमक्यासकट असा ओढला
की पाळी फाटली.
ती ओरडली नाही. त्याचं तोंडही सोडवलं नाही.
रक्त खांद्यावरून ओघळून त्याच्या टोपीवर ठिबकलं.
मी वात सारत होते. मी पाहिलंय.

आता तो तख्तावर बसतो.
वय चौदा. पाय अजून पुरते टेकत नाहीत.
पाठीमागे जाळी, जाळीमागे ती.
मुलतानचा सुभा कुणाला,
केशरावर कर किती,
कुठल्या बंडखोराला माफी आणि कुणाचं मुंडकं वेशीवर,
वजीर बोलत राहतो, आणि मुलगा थांबतो
आपल्याच कानाची पाळी चिमटीत धरून.
जाळीमागे एकदा किणकिणलं, तर हो.
दोनदा, तर नाही.
काहीच नाही, तर उद्या पाहू.

दरबारी कुजबुजायचे, बाई कान भरते.
साफ खोटं.
तिनं त्याचा कान भरला नव्हता,
त्यानं तिचा फाडला होता,
त्या मुदलाचं व्याज चाललं होतं.

मोठमोठे अमीर नजराणे धाडत, झुमक्यांचे,
अर्थात जोडीनं.
उजव्या कानातला ती घाली.
डाव्या कानातले एकसष्ट तिच्या पेटीत पडून होते;
कुणाकुणाची आशा, एकटी, मखमलीत.
एकदा त्यातला एक तिनं माझ्यापुढं टाकला.
‘घे. तुझे दोन्ही धड आहेत.’
आणि दिला मात्र एकच.

तिचा पोटचा, तोख्ता कोका,
नाशपातीच्या बागेसाठी त्यानं कालवा वळवला.
खालच्या अकरा गावांचे लोक आले,
कोरड्या पाटातली माती फडक्यात बांधून.
फडकं सोडलं तेव्हा गालिच्यावर धूळ उडाली,
वजीर खोकला.
बादशहा सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेली.
हात सवयीनं कानाकडे गेला.
जाळीमागे दोनदा वाजलं.
मग, कधी नव्हे ते, तिसऱ्यांदा,
घाईघाईत, चार, पाच.
त्यानं पाळी सोडली.
‘पाणी सोडा,’ म्हणाला.
आवाज जरा चिरकला, पण म्हणाला.

पुढल्या जुम्म्याला तिला हजला पाठवलं.
तीस उंट, रेशमी तंबू, सोबतीला हकीम.
मानानं पाठवलं, फार मानानं.
परत कधी यायचं ते कुणी बोललं नाही.
जाताना पेटी तिनं स्वतः उचलली.
देवडीवर मला म्हणाली,
‘रात्री त्याला अंधार सोसत नाही. एक वात ठेव.’

ठेवते.
काल तिसऱ्या प्रहरी तेल घालायला गेले,
तर बिछान्यात उठून बसलेला, कान चिमटीत.
‘कोण?’
‘दिवा आहे, हुजूर.’
बराच वेळ काही नाही. रावीवर कुणी नावाडी खाकरला.
मग भिंतीकडे बघत,
‘बरं केलं का मी?’

कनवटीला झुमका होता. हात तिथं गेलाही.
एकदा की दोनदा?
एकोणीस दिवसांचा हक्क, निदान काजीच्या हिशेबानं, होता.

बोटांनी झुमका घट्ट धरला, वाजू नये म्हणून,
वात थोडी मोठी केली
आणि मागल्या पावली बाहेर आले.