आधी अक्षर

नंदगडच्या आमच्या मंडळात कॅरम एकच,
एक कोपरा तडकलेला,
आणि मोनाप्पा हुंदरेचा नियमही एकच:
आधी अक्षर, मग स्ट्रायकर.

पावडर पसरून तो बोटानं कानडी गिरवायचा,
अक्षराअक्षराच्या डोक्यावर तुरा.
पाट्यांचं भांडण चालू दे तिकडं, म्हणायचा,
सातेरीच्या आईची पेन्शन कशाला अडवायची की?

आम्ही तळव्यानं तुरे पुसायचो,
क्वीनवर डोळा.

पहिलाच अर्ज मी घाण केला.
गंगव्वा चांगली धडधाकट, दारात भुईमूग फोडत बसलेली,
आणि मी खूण केली ‘मयत’च्या चौकटीत.
तिला परत जिवंत करायला
खानापूरच्या तीन खेपा झाल्या, सायकलनं.
चौथ्या दिवशी तिनं मूठभर शेंगदाणे दिले
आणि शिव्या.

तेव्हापासून खिशात पेन आहे.
चाळीस वर्षं कचेरीच्या व्हरांड्यात,
आधी रजा टाकून,
आता रजेविना.

परवा मोनाप्पाचा कागद भरला,
कानडीत, सावकाश.
त्या चौकटीशी आलो
आणि बोट उगाच पँटीला पुसलं.

मागून कुणीतरी विचारलं,
अण्णा, पेन मोकळं झालं काय?