चाव्या, नग सात

पहिल्या नकाशात मी वाऱ्याला दोन दारं दिली होती.
खाडीकडून येईल, कॅरमच्या खोलीतून जाईल,
जिन्यात थोडा रेंगाळेल
आणि वरच्या जाळीतून निघून जाईल पारसिकच्या डोंगराकडे.
पंखे कमी, बिल कमी.
संगणकावर त्याचे निळे बाण काढले.
बाण फार शहाण्यासारखे वागले.

घणसोलीत मात्र वाऱ्याला मीठ असतं,
तो रिकाम्या हाताने येत नाही.
जुनं केंद्र बघून आले. बारा वर्षांचं,
आणि छताच्या पोटातून बाहेर आलेल्या सळ्या
गंजून फुगलेल्या.
ट्रेडमिलवर कबुतराची दोन अंडी.
दाराला कुलूप, कुलपालाही गंज.

म्हणून सळ्यांवर पन्नास मिलिमीटरचं पांघरूण घातलं.
खाडीकडची भिंत जाड केली, काळ्या दगडाची,
तुर्भ्याच्या बंद खाणीत पडून राहिलेला दगड,
आधीच फोडलेला, कुणी न उचललेला.
छताचं पाणी टाकीत, टाकीचं संडासात,
जोतं भरतीच्या रेषेच्या दीड मीटर वर.
अहवालात लिहिलं: आयुष्य साठ वर्षं.
लिहिता लिहिता हिशेब केला,
तेव्हा मी असेन एकशे दोन.

गावदेवीच्या मंडपात सभा झाली.
उजेडात प्रोजेक्टर दिसेना,
तेव्हा नकाशा सतरंजीवर पसरला,
कोपऱ्यांवर पाण्याच्या तीन बाटल्या
आणि हसुराम पाटलांच्या चष्म्याचा डबा.
वनिता भोईर म्हणाल्या, बायकांच्या खोलीला कडी आतून हवी.
मी म्हटलं, मैदानाकडची खिडकी बंद करू का?
तर म्हणाल्या, कशाला? कबड्डी आम्हाला नको का बघायला?
एका मुलाने विचारलं, तिथं ओरडलेलं चालेल?
मग हसुराम, इतका वेळ गप्प,
बोटाने दाराची खूण चाचपत:
सगला बरा हाय. पन चावी कोनाकरं गो बाय?

नकाशात चावीला चिन्ह नसतं.
दाराला असतं, पाव वर्तुळाचा कंस,
ते कुठल्या बाजूला उघडतं ते सांगणारा.
उघडणार कोण,
ती रेघ पाच वर्षांत कुणी शिकवली नाही.

जुन्या केंद्राची चावी एका साहेबाकडे होती.
साहेबांची बदली झाली, चावी खणात राहिली.
पोरं कुंपणावरून उड्या मारायची,
भूषणच्या मांडीला चौदा टाके पडले,
मग कुंपणाची उंची वाढवण्यात आली.

त्या रात्री दर्शनी भागातलं कारंजं खोडलं.
(फार आवडतं होतं ते माझं.)
त्या जागी आठ बाय सहाची खोली,
खिडकी रस्त्याकडे, चहापुरता ओटा,
रंगाचे डबे आणि पान्यांसाठी मांडणी,
भिंतीवर सागाची फळी, फळीत सात खिळे.
अंदाजपत्रकात शेवटून दुसरी ओळ:
चाव्या, नग सात.

फाइल परत आली आहे. सुरवसे साहेबांचा लाल शेरा:
सात कशासाठी? एक पुरे.

उत्तर लिहायला बसले आहे. पाच नावं भरली.
सहावं भूषणचं, तो आता रिक्षा चालवतो,
त्याला अजून विचारलेलं नाही.
सातवं सुचत नाही, ती जागा कोरीच ठेवते.
खिळे मी स्टीलचे लिहिले होते.
हसुराम फोनवर म्हणाले, तांब्याचे घाल,
होडीत तेच टिकतात.