गुडघ्यांचं माप

उलानबातरच्या गाडीबाजारात
मार्चचा वारा, धूळ आणि डिझेल एकाच चवीचं.
बाबांना आता डाव्या डोळ्यानं फक्त उजेड दिसतो,
उजव्यानं माणसाची कड.
तरी निघालेत साडेतेराशे किलोमीटर,
उव्स तळ्याकाठी, जिथं त्यांची नाळ पुरलीय,
उजवाही मिटायच्या आत.

मी आधी दाखवली पांढरी जपानी,
निम्म्या शहराकडे असते तशी,
बॅटरीवर गुपचूप चालणारी.
बाबांनी बॉनेटला कान लावला.
"चालू आहे?"
"आहे."
"मग बोलत का नाही?"

विकणारा हसला. बाबा नाही.
तीस वर्षं ट्रक हाकला त्यांनी,
जाताना पीठ, येताना लोकर.
यंत्रानं कुरकुरावं, एवढीच त्यांची अपेक्षा.
आईकडूनही तीच होती.

मग काळी, उंच, मोठ्या घरची.
तापणाऱ्या खुर्च्या, पडद्यावर नकाशा,
किंमत ऐकून मी आपोआप दोन पावलं मागे.
बाबांनी टायरला लाथ मारली,
दाराची फट बोटानं चाचपली.
"तोसोन्त्सेन्गेलच्या पुढे ही रुसली,
तर समजूत कोण काढणार?
तिथल्या लोहाराला पडदे सांधता येत नाहीत."

रांगेच्या शेवटी फुर्गोन.
रशियन, राखाडी, पावाच्या लादीसारखा,
माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.
दोन टाक्या. इंजिन चालकाच्या कोपराशी,
थंडीत ऊब, घाईत चटका.
बाबा एकाहत्तराव्या वर्षी
नव्या देलसकट गाडीखाली सरपटत गेले
आणि तिथूनच बोलू लागले:
पाटे, क्लच, ग्रीस, कुठं तार बांधायची,
कुठं शिवी द्यायची.
इतकं ते वर्षभरात माझ्याशी बोलले नव्हते.

मी तोवर बाजूचं दार उघडून आत बसले होते.
दोन बाकं. समोरासमोर.
पलीकडे विकणाऱ्याला बसवलं.
गुडघ्याला गुडघा लागला,
त्यानं चटकन माफी मागितली.

बाबा आणि तुमेन नऊ वर्षं बोललेले नाहीत.
कारण विचारलं तर दोघांचं वेगळं:
एकाच्या गोष्टीत घोडा आहे,
दुसऱ्याच्या गोष्टीत पैसे.
जपानी गाडीत बसून दोघं
आपापल्या काचेतून डोंगर बघत
थेट उलानगोमपर्यंत गेले असते, सुखानं.

बाबांनी फुर्गोन घेतला त्या लोहारासाठी.
मी घेतला त्या वीतभर जागेसाठी.
पैसे एकदाच दिले.

निघायच्या दिवशी शेजारच्या न्यामझावनं
चाकांवर दूध शिंपडलं.
माझ्या शेजारच्या सीटवर मी आधीच
सुटं चाक आणि पिठाचं पोतं बसवून ठेवलं होतं.
तुमेननं पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
पोतं हललं नाही. मीही नाही.

पहिले चारशे किलोमीटर
आरशात दोन टोप्या, चार गुडघे,
मधे वाळल्या आरूलची पिशवी,
कुणीच हात न लावलेली.
कधी बाबा खोकत, कधी तुमेन.
एकमेकांना उत्तर दिल्यासारखे नव्हे,
नुसतेच.

पुढे डांबर संपलं.
खिंडीत दगडांचा ओवो आला,
निळी फडकी वाऱ्यात आडवी.
मी तीनदा हॉर्न दिला
आणि त्या नादात खड्डा चुकवायचा राहिला.
(चुकवता आला असता, असं तुमेन आजही म्हणतो.)

मागे काहीतरी आपटलं, आरूल सांडलं,
आणि इंजिनच्या घरघरीतून ऐकू आलं,
"सरक जरा."

कोण म्हणालं, ठाऊक नाही.
दोघांचा आवाज सारखाच आहे,
आणि फुर्गोनमधे नीट ऐकू येत नाही.