प्रश्न उद्भवत नाही

लिलोंग्वेच्या सभागृहात खालच्या टेबलाशी
अकरा वर्षं बसतोय मी.
बोललेलं उतरवून घ्यायचं, एवढंच काम.
खोकला लिहायचा नाही.
हसले तर कंसात: हशा.

आज तारांकित, क्रमांक सत्तेचाळीस.
विचारणार फॅलेस म्वाफुलिर्वा,
विरोधी बाक, मागची रांग, न फिरणाऱ्या पंख्याखाली.
बावीस वर्षं सरोवराकाठी परिचारिका होती.
अजूनही घड्याळ छातीवर उलटं टाचते,
आणि मंत्री लांबण लावू लागले की
त्याच्याकडे बघत राहते,
कुणाची तरी नाडी मोजत असल्यासारखी.

एक: हे खरे आहे काय, की चिसंगाच्या दवाखान्यात
जानेवारीपासून क्लोरीन नाही?
दोन: असल्यास, पटकीच्या वॉर्डात खाटा किती,
मधोमध भोक असलेल्या?
तीन: त्या भोकांखाली बादल्या किती?

बादल्या म्हटल्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं.
मी कंसात लिहिलं.

मंत्री उठले, ऑस्बोर्न चिलेंगा,
कोटाचं बटण लावत.
एक: हे खरे नाही.
दोन व तीन: प्रश्न उद्भवत नाही.
मग आराखडा, मग कृती दल,
मग चाळीस कोटी क्वाचा, टप्प्याटप्प्याने,
शेवटचा टप्पा कुठला ते वाऱ्यावर.

'प्रश्न उद्भवत नाही' हे माझी बोटं
हल्ली मला न विचारताच लिहितात.
बोटांनाही पगार असतो.

ती पुन्हा उभी राहिली. उपप्रश्न.
अध्यक्ष महोदया, परवा मी तिथे होते.
सोळा खाटा. नऊ बादल्या.
रात्री बादली या खाटेखालून त्या खाटेखाली
सरकवायला एक पोरगी आहे, तेरा वर्षांची.
तिची आई तीन नंबरच्या खाटेवर होती.
आता तिथे दुसरं कुणी आहे.
पोरगी तरीही येते.
मंत्रिमहोदयांनी एकदा जावं
आणि तिला समोर बसवून सांगावं
की प्रश्न उद्भवत नाही.

मंत्री पाणी प्यायले.
मागून एक चिठ्ठी आली, ती वाचली,
आणि चेहरा एकदम मोकळा झाला त्यांचा.

चार वर्षांपूर्वी, महोदया,
क्लोरीनची तरतूद निम्म्यावर आणली
तेव्हा माननीय सदस्या आमच्याच बाजूला बसत होत्या.
हात वर केला होता त्यांनी.
हे खरे आहे काय?

बाकं वाजली. वाजतच राहिली.
कंसात हशा लिहिलं, पुन्हा लिहिलं.

ती बसली नाही.
या वेळी घड्याळही पाहिलं नाही.
हे खरे आहे, म्हणाली.

हे तीन शब्द मी हजारदा लिहिले असतील, प्रश्नात.
उत्तरात आज पहिल्यांदा.
पेन्सिलीचं टोक मोडलं.
दुसरी घेईपर्यंत काय निसटलं, माहीत नाही.
पुढचं आहे माझ्याकडे:

मला सांगितलं होतं, गोदामात साठा आहे.
गोदाम इथून वीस मिनिटांवर.
मी गेले नाही. जेवणाची सुट्टी होत आली होती.
तेव्हा असल्यास,
असल्यास, महोदया, दुसरा भाग अजून शिल्लक आहे.
तो मलाही विचारा.
पण आधी बादल्या पाठवा. सात.

वेळ संपली, अध्यक्षांनी सांगितलं.
क्रमांक अठ्ठेचाळीस:
विमानतळ रस्त्यावरील दिव्यांबाबत.

संध्याकाळी मी प्रत तपासतो.
पुनरुक्ती गाळावी, असा नियम आहे.
'असल्यास' ती दोनदा म्हणाली होती.
मी दोन्ही ठेवले.
उद्या वरचे साहेब एक खोडतील,
त्यांना काहीतरी खोडावंच लागतं.
एक तरी राहील.