पहिलं पान

कुतैसीच्या वाचनालयात, हीटरजवळच्या टेबलाशी
एतेरी माझं लिखाण उघडून बसली आहे.
मी मागे उभा. बोलायचं नाही, असं ठरलंय.

‘आधी टर्मिनल उघडा.’
ती चष्मा पुसते, विचारते,
‘बसचं?’

कोणी हसत नाही.
मधमाश्यांच्या नोंदींचं हे सॉफ्टवेअर,
सात वर्षं सांगतोय, मुक्त आहे, कोणीही या,
दार सताड उघडं.
उंबरा केवढा उंच, ते आज दिसतंय
तिच्या थबकलेल्या बोटाखाली.

‘फक्त’ खोडलं.
‘सोपं आहे’ खोडलं. कोणाला सोपं?
‘अर्थातच’ खोडताना कान तापले.

मग तिलाच विचारलं, तुम्ही कुठून सुरुवात कराल?
‘पेट्यांपासून. किती आहेत, कुठे आहेत.
बाकीचं सावकाश. माश्या काही पळून जात नाहीत.’
जरा थांबून,
‘म्हणजे, जातात. पण मे महिन्यात.’

शनिवारी बाजारात, तिच्या मधाच्या बरण्यांखाली
आमचं नवं पहिलं पान:
आठ ओळी, तिच्या शब्दांत.
एका म्हाताऱ्यानं उचललं, वाचलं,
चिकटलेलं बोट चाटलं,
आणि परत पहिल्या ओळीवर गेला.